वोलोफ भाषेत पाळणा लिहिते आहे, एआयची मदत घेतली आहे. जाणकारांनी कृपया बघावं

किनारा (शनिवार)

नमस्कार मंडळी. चार वर्षं झाली, आम्ही सेनेगलमध्ये राहतो, डाकारपासून पंचवीसेक किलोमीटरवर रुफिस्क गावात. नवरा फॉस्फेटच्या कारखान्यात आहे. मी घरी असते आणि अंगणात बसून शेजारणींकडून वोलोफ शिकते. बाजारहाट, विचारपूस, लहान मुलांशी बोलणं इतपत जमतं. गाणं लिहिण्याइतकं अजून येत नाही.

परवा गुरुवारी शेजारच्या घरी मुलगी झाली. दोन मुलगे आधीचे आहेत, मग बरीच वर्षं वाट पाहिली, एकदा दुःखही सोसलं, आणि आता ही. येत्या गुरुवारी तिचं ङ्गेन्ते आहे. ङ्गेन्ते म्हणजे त्यांचं बारसंच म्हणा ना. आठव्या दिवशी सकाळी वडीलधारे बाळाच्या कानात प्रार्थना आणि नाव सांगतात, जावळ काढतात, आलेल्यांना लाख़ देतात. आपल्याकडे आत्याला जो मान, तो तिथे बाज्जेनला. बाज्जेन म्हणजे वडिलांची बहीण. पहिल्यांदा हे सगळं पाहिलं तेव्हा मला माझ्या माहेरचं ओसरीवरचं बारसं आठवून भरून आलं होतं.

या घराने मला आजारपणात पंधरा दिवस जेवण पोचवलं आहे. म्हणून त्यांच्या भाषेत पाळणा म्हणावा असं मनात आलं. मराठीत आधी आठ ओळी लिहिल्या, मग चॅटबॉटला वोलोफमध्ये करायला सांगितल्या. त्याने क्षणात केल्या, यमकंही जुळवली. काल बाळाच्या आत्याला वाचून दाखवल्या. एका ओळीला ती खळखळून हसली, आणि दोन ओळींना गप्प झाली. का, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

प्रश्न दोन. आपल्याला पूर्ण न येणाऱ्या भाषेत असं गाणं कुणी केलं आहे का, आणि ते तपासून कसं घेतलं? आणि दुसरा, असं करावं का मुळात?

गुळांबा

किती गोड! बाळाला आशीर्वाद. त्या तीन ओळी इथे लिहा, म्हणजे कळेल तरी.

जुनाट_वाडा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. माझ्या मते करू नये. पाळणा हा आईच्या, आजीच्या तोंडून येतो. तो यंत्राकडून करून घेऊन परक्या भाषेत म्हणणं म्हणजे विकतचे बेसन लाडू स्वतःच्या डब्यात भरून नेण्यासारखं आहे. तुम्ही तुमचा मराठी पाळणा म्हणा. अर्थ कळला नाही तरी गळा कळतो. मला हे मनापासून वाटतं, राग मानू नका.

बेळगावची_पोर

वाडाकाका, पटलं नाही. आमच्या घरी आजी मराठी, शेजारी सगळे कन्नड. माझ्या बारशाला शेजारच्या अक्कांनी कन्नड जोगुळ म्हटलं आणि आजीने त्यांच्या नातवाला तोडकं कन्नड जुळवून म्हटलं. तिच्या चुका लोक अजून सांगतात, आणि सांगताना त्यांचा चेहरा कसा उजळतो ते बघायला पाहिजे तुम्ही. तोडकं चालतं की. प्रयत्न दिसतो त्यात.

जुनाट_वाडा

आजीने स्वतः जुळवलं ना? तेच तर म्हणतोय मी. चूक आजीची होती, म्हणून गोड होती. यंत्राच्या चुकीत माणूस कुठे आहे?

किनारा

वाडाकाका, राग कसला, हाच प्रश्न मलाही छळतोय.

गुळांबा, ओळी देते. उच्चार देवनागरीत जमेल तसे:

हसली ती ओळ: *सा याय मुञ् ना, तेय मुंगि मुञ्.* माझं मूळ होतं, ‘तुझ्या आईने सोसलं, आज ती हसते आहे’.

गप्प झाली त्यातली पहिली: *या गना राफेत चि आदुना बि.* ‘जगात तूच सर्वांत सुंदर’.

आणि दुसरीत मी लिहिलं होतं की या घरात आता तीन लेकरं झाली. ‘ञेत्ती दोऽम’, म्हणजे तीन अपत्यं.

नदीमुख

किनाराताई, मी गांबियात सेरेकुंडाला सहा वर्षं होतो. तिथेही वोलोफ चालते, फक्त लिहायची झाली तर लोक इंग्रजी वळणाने लिहितात. तुमच्या दोन ओळींचं गप्प राहणं मला लगेच कळलं.

तिथे माणसं मोजत नाहीत. लेकरं तर नाहीच नाही. मोजलं की त्यातलं एखादं कमी होतं, अशी भीती. मोजायची वेळच आली तर ‘बान्तु याल्ला’ म्हणतात, देवाच्या काड्या. एक देवाची काडी, दोन देवाच्या काड्या. आमच्या घरमालकिणीला मी पहिल्याच आठवड्यात ‘मुलं किती’ असं विचारलं होतं, तिने उत्तर न देता पाणी आणून दिलं. आणि ज्या घराने एक दुःख सोसलंय, तिथे ‘तीन’ हा आकडा गाण्यात म्हणजे… तुम्हीच विचार करा.

दुसरं, बाळाची तोंडावर स्तुती नको. त्याला ‘चात्’ म्हणतात, जिभेची दृष्ट. कुणी चुकून बाळाला गोंडस म्हटलंच तर आजूबाजूच्या बायका लगेच ‘काऽर’ म्हणतात. आपण कानामागे काजळाची तीट लावतो, ते ही तीट शब्दानेच लावतात.

गुळांबा

काऽर! (आधीच ‘किती गोड’ लिहून बसले आहे मी, म्हणून.)

किनारा

नदीमुख, मनापासून आभार. माझ्या आजीने हेच सांगितलं असतं. मराठी पाळण्यात मी नातीला ‘सर्वांत सुंदर’ कधी लिहिलं नसतं, ‘काळी ग सावळी’ लिहिलं असतं. वोलोफमध्ये करायचं म्हटल्यावर मी वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रासारखं लिहायला लागले. ही चूक यंत्राची नाही, माझी आहे. त्याने मात्र ती तशीच पलीकडे नेऊन ठेवली, एकदाही अडवलं नाही.

मात्रांचा_हिशोब

हसण्याची ओळ मी सांगतो. मी वृत्तांचा अभ्यास करतो, म्हणून या भाषेत थोडा शिरलो होतो. वोलोफमध्ये ऱ्हस्व-दीर्घ हा शुद्धलेखनाचा विषय नाही, अर्थाचा आहे. ‘मुञ्’ म्हणजे सोसणं, धीर धरणं. ‘मूञ्’ म्हणजे स्मित करणं. यावर त्यांची प्रसिद्ध म्हणच आहे: *कु मुञ्, मूञ्.* जो सोसतो तो हसतो. अख्खी म्हण एका मात्रेवर उभी आहे.

तुमच्या यंत्राने दोन्हीकडे ऱ्हस्व ठेवला. म्हणजे ओळ झाली, ‘तुझ्या आईने सोसलं, आजही ती सोसतेच आहे’. बाळंतीण आत्ताच उठून बसलेली असताना! आत्या हसली नसती तरच नवल.

दुसरी एक जोडी सांगतो, मराठी माणसाला कायमची लक्षात राहील. ‘ख़ोल’ म्हणजे हृदय. आपलं ‘खोल’ आठवा. ‘ख़ोऽल’ म्हणजे बघणं. ख़ हा घशातला, उर्दू ‘ख़बर’मधला. आपल्या देवनागरीत उ-ऊ वेगळे दाखवता येतात, ‘ओ’ला मात्र ऱ्हस्व चिन्ह प्रचारात नाही, म्हणून अवग्रह घालावा लागतो.

ओवीकर

मात्राजी, मग त्यांनी ताना घ्यायच्या कशा? ‘हृदय’ लांबवलं की ‘बघ’ होणार!

मात्रांचा_हिशोब

चांगला प्रश्न. गाताना तेही लांबवतात, संदर्भाने कळतं. आपण ‘दिन’ लांबवून गायलो म्हणून कुणी ‘दीन’ समजत नाही. पण दोन्ही शब्द एकाच ओळीत समोरासमोर आले की फरक ऐकू यायलाच हवा. तुमच्या ओळीत तसंच आहे.

तिथल्या कवींनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. वोलोफ अरबी लिपीतही लिहितात, त्या लेखनाला ‘वोलोफाल’ म्हणतात. तूबा शहर वसवणारे शेख आमादू बाम्बा स्वतः अरबीत कसीदे, म्हणजे स्तुतिकाव्यं, लिहीत, आणि त्यांचे शिष्य मूसा का यांनी अरबी वृत्तं वोलोफमध्ये बसवली. अरबी लिपीत दीर्घ स्वर लिहावाच लागतो, त्यामुळे मात्रा हरवत नाही. आपल्याकडे मराठी गझल जशी अरबी-फार्सी वृत्तांवर उभी राहिली, तसंच काहीसं. त्यामुळे ‘लघु-गुरू’ हा शब्द तुम्ही तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या वाचकाला समजावून सांगितलात तर तो तुम्हाला चहा पाजेल, तोही तीनदा उकळून.

शब्दवेडा

जोडाक्षरांचंही तसंच आहे. ‘बत्’ म्हणजे डोळा, ‘बत्त्’ म्हणजे भोक पाडणं. ‘गन्’ म्हणजे अधिक चांगलं, ‘गन्न्’ म्हणजे उखळ. आपल्या ‘कला’ आणि ‘कल्ला’मध्ये जेवढं अंतर, तेवढंच.

या दुहेरी व्यंजनावरून सेनेगलमध्ये एक चित्रपट अडला होता, हे इथे किती जणांना ठाऊक आहे? उस्मान सेम्बेन यांचा १९७७चा ‘चेद्दो’. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लेओपोल्द सेंघोर स्वतः कवी आणि व्याकरणाचे पक्के. त्यांचं म्हणणं नावात ‘द’ एकच हवा, सेम्बेन म्हणाले दोन. चित्रपट देशात दाखवू न देण्याचं अधिकृत कारण हेच दिलं गेलं. आत राजकारण होतंच, पण एका ‘द’साठी राष्ट्राध्यक्ष आणि दिग्दर्शक भांडतात ही गोष्ट मला आपल्या शुद्धलेखनवाद्यांच्या सभेत सांगावीशी वाटते.

हापूसप्रेमी

मला एवढंच म्हणायचंय, शाळेत घोकलेला ‘ञ’ एकदाचा कामाला आला. बालवाडीपासून त्याची वाट बघत होतो.

किनारा

हापूसप्रेमी, ‘ङ’सुद्धा! इथे शब्द ‘ङ’ने सुरू होतात. मी शेजारच्या मुलांना ‘वाङ्मय’ म्हणून दाखवते, त्यांना एका झटक्यात येतं.

तारयंत्र

माझा व्यवसाय भाषा-तंत्रज्ञानाचा आहे, म्हणून यंत्र असं का करतं ते सांगतो, आणि काय करता येईल तेही.

सेनेगलमध्ये शाळा, कचेरी, वृत्तपत्र मुख्यतः फ्रेंचमध्ये. वोलोफ देशातल्या बहुतेकांना समजते, पण ती बोलायची भाषा. लिहिलेला मजकूर थोडा, आणि तोही तीन तऱ्हांनी लिहिलेला. सरकारने १९७१पासून शब्द कसे लिहावेत ते ठरवून दिलं आहे. मोबाइलवर लोक मात्र फ्रेंच वळणाने लिहितात, त्यात दीर्घ स्वर आणि दुहेरी व्यंजनं दोन्ही गळतात. नदीमुख म्हणाले तसं गांबियात आणखी तिसरंच. यंत्र हे सगळं एकत्र गिळतं. त्याच्या लेखी ‘मुञ्’ आणि ‘मूञ्’ हे बऱ्याचदा एकाच शब्दाचे दोन वेष असतात. म्हणून त्याने तुमची मात्रा खाल्ली.

गेल्या काही वर्षांत सुधारणा झाली आहे. मेटाच्या २०२२च्या दोनशे भाषांच्या अनुवाद-प्रणालीत मराठी आणि वोलोफ दोन्ही आहेत. गूगलने जून २०२४मध्ये ११० भाषा जोडल्या त्यात वोलोफ आली, आपली शेजारीण तुळूही त्याच यादीत. पण अनुवाद सुधारणं वेगळं आणि गाणं जमणं वेगळं.

मी असं करेन. मराठीतून थेट वोलोफमध्ये जाऊ नका, फ्रेंच येत असेल तर फ्रेंचमधून जा, त्या जोडीचा मजकूर जास्त आहे. गाणं मागू नका. एकेक साधं वाक्य मागा, प्रत्येक शब्दाखाली त्याचा अर्थ मागा. यमक मागितलं की यंत्र यमकासाठी शब्द बनवतं, हे मी मराठीतही पाहिलंय. मग ते वाक्य कोऱ्या संवादात, आधीचं काही न सांगता, उलट अनुवादाला द्या. आणि ‘हे बरोबर आहे का’ असं कधीही विचारू नका. ते हो म्हणेल.

जुनाट_वाडा

तारयंत्र, इतकं सगळं करण्यापेक्षा शेजारणीला विचारणं सोपं नाही का?

तारयंत्र

सोपं आहे, आणि शेवटी तेच करायचंय. पण शेजारणीला कोरा कागद देण्यापेक्षा चार बऱ्या-वाईट ओळी दिल्या तर ती पटकन दुरुस्त करते. ‘असं नाही गं, असं म्हण’ हे लोकांना फार सुंदर सुचतं. ‘एक गाणं लिहून दे’ म्हटलं की तेच लोक गोंधळतात.

मंडळाचा_कार्यकर्ता

माझा अनुभव मराठीचा आहे, पण उपयोगी पडेल. गेल्या गणपतीत मंडळासाठी आरतीच्या चालीवर नवीन गाणं केलं आणि गाणारा आवाज एआयचा घेतला. ‘बाळ’चं ‘बाल’ झालं, ‘चांदणं’मधला च ‘चिमणी’सारखा झाला, आणि ‘रमला’ म्हणताना तिन्ही अक्षरं सुटी सुटी. शेवटी आम्ही शब्द मुद्दाम चुकीचे लिहून दिले, म्हणजे उच्चार तरी बरोबर येतील. त्यातही ळ काही आला नाही. मग आमच्या गल्लीतल्या दहावीच्या मुलीने गायलं आणि विसर्जनापर्यंत तेच वाजलं.

ताई, तुम्ही आवाजही यंत्राचा घेणार होतात का?

किनारा

नाही हो. बघितलं होतं करून एकदा. ते ‘ख़ोल’ला ‘क्सोल’ म्हणत होतं. मीच म्हणणार, आपल्या पाळण्याच्या चालीवर.

तारयंत्र, तुमच्या सल्ल्याने सगळं पुन्हा केलं. एक गोष्ट लक्षात आली, ती लिहून ठेवते, कुणाला तरी उपयोगी पडेल. मूळ पाळण्यात ‘तू आलीस, घर आनंदलं’ अशी ओळ आहे. यंत्राने दिलं *ञव् ङ्गा.* अर्थ विचारला, ‘तू आलीस’. बरोबर वाटलं. संध्याकाळी बाळाच्या आजीला ऐकवलं, तिने मान हलवली आणि म्हणाली, *या ञव्.* पुन्हा यंत्राला अर्थ विचारला, पुन्हा ‘तू आलीस’. मग फरक काय? आजीला फरक शब्दांत सांगता येईना. तिने दाराकडे बोट दाखवलं. कुणी पाहुणा आला आणि आपण म्हटलं ‘आलास होय’, ते *ञव् ङ्गा.* आणि आपण कुणाची तरी वाट बघत होतो, दुसरंही कुणी येऊ शकलं असतं, पण आलीस ती तू, ते *या ञव्.*

म्हणजे आपला ‘च’! तूच आलीस. त्यांच्याकडे तो ‘च’ कर्त्याला लावायचा की क्रियेला की आणखी कशाला, त्याप्रमाणे सर्वनामाचं रूपच बदलतं. *देम ना* म्हणजे गेले. *मा देम* म्हणजे मीच गेले. *न्दाकारू ला देम* म्हणजे डाकारलाच गेले. मला हे चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि यंत्राने मराठी अनुवादात तिन्हींचा ‘च’ गाळला होता. मी मराठी अर्थ वाचून खात्री करून घेत होते आणि नेमकं जे बघायचं ते त्या अर्थातूनच गळत होतं.

शब्दवेडा

ताई, हा प्रतिसाद मी जपून ठेवणार आहे.

एक भर घालतो. वोलोफमध्ये नामांचे वर्ग आहेत, आठ एकवचनी आणि दोन अनेकवचनी. आपण तीन लिंगांनी थकतो. ‘ख़ाले बि’ म्हणजे ते मूल, ‘न्दोख़ मि’ म्हणजे ते पाणी, ‘नित कि’ म्हणजे तो माणूस. तुमच्या मजकुरात ‘दोऽम बि’ असेल तर ते ‘दोऽम जि’ हवं. यंत्रं सगळ्यालाच ‘बि’ लावतात.

नदीमुख

शब्दवेडा, इथे थोडा असहमत. शहरातली तरुण मुलंही सगळ्याला ‘बि’च लावतात, यंत्राने ते त्यांच्याकडूनच घेतलं असणार. त्याला चूक कसं म्हणायचं? रॅप ऐका. त्यात अर्धे शब्द फ्रेंच असतात आणि ते अस्सल डाकारचं असतं. शुद्ध, ग्रामीण वोलोफला ते ‘वोलोफ बु ख़ोऽत’ म्हणतात, म्हणजे खोल वोलोफ. पण गाणारा शहरातला असेल तर ती खोल भाषा त्याच्या तोंडी उसनी वाटेल.

शब्दवेडा

रॅपसाठी मान्य. पाळण्यात आजी ऐकणार आहे ना? आजीच्या कानाला ‘जि’ हवा. आपल्याकडे पोरं ‘मी आलो’ म्हणोत की ‘मी आलोय’, ओवी म्हणताना कुणी ‘आलोय’ म्हणत नाही.

बेळगावची_पोर

आमच्याकडे म्हणतात की वो.

गुळांबा

ते लाख़ काय असतं, कुणी सांगितलंच नाही!

किनारा

गुळांबा, बाजरी! बाजरीच्या पिठाचे साबुदाण्याएवढे कण वळून वाफवतात-शिजवतात, वर गोड केलेलं घट्ट दही. माझी सासू देशावरची, ती इथे आली होती तेव्हा दोन वाट्या खाल्ल्या आणि म्हणाली, ‘हे तर आपल्याच घरातलं’.

ओवीकर

एक काळजी मनात आली. अशा समारंभाला तिथे परंपरेने गाणारे लोक येतात ना? गेवेल म्हणतात त्यांना. घराण्याचे गुण गाणं हा त्यांचा पिढीजात मान आणि पोटाचा धंदा. बायका तालावर ‘तासू’ म्हणतात, आपल्या उखाण्यासारख्या झटपट ओळी, ढोलाबरोबर. किनाराताईंचा पाळणा त्यांच्या मध्ये यायला नको. आमच्या गावात वासुदेव आला की घरातलं कुणी गात नसे, त्याचं होऊ देत.

नदीमुख

ओवीकर, फार मोलाचं बोललात. ताई, गेवेल येणार असतील तर आधी विचारा. आणि पूर्वजांची नावं, घराण्याची थोरवी हे तुमच्या पाळण्यात नको, ते त्यांचं आहे. तुम्ही फक्त बाळ आणि आई एवढंच ठेवा.

किनारा

विचारलं. दुपारी येणार आहेत. आजी म्हणाली, तू सकाळी, लाख़ वाढून झाल्यावर, आत बाळंतिणीजवळ बसून म्हण.

जुनाट_वाडा

किनाराताई, मी पहिल्या दिवशी जरा ताडकन लिहिलं. दोन दिवस हा धागा वाचतोय. आत्या हसली, आजीने दाराकडे बोट दाखवलं, हे सगळं त्या चुकलेल्या ओळींमुळे झालं हे मला दिसतंय. माझं मत पूर्ण बदललेलं नाही. यंत्राने आठच्या आठ ओळी बरोबर दिल्या असत्या तर तुम्ही आजीकडे गेला असतात का, हा प्रश्न मला पडतो. पण पाळणा म्हणा. आणि झाल्यावर लिहा नक्की.

किनारा

काका, गेले नसते कदाचित. खरं सांगते.

किनारा (शुक्रवार)

मंडळी, काल झालं. सविस्तर लिहिते.

पहाटेपासून अंगणात पातेली. नाव ठेवलं ते आजीच्या थोरल्या बहिणीचं. ज्याच्या नावाने नाव ठेवतात तो त्या बाळाचा ‘तुरान्दो’ होतो, नावाचं नातं जन्मभर सांभाळायचं. ती म्हातारी काठी टेकत आली होती, बाळाकडे बघून स्वतःच्याच नावाने हाक मारत होती.

नऊच्या सुमारास आत गेले. आठ ओळींच्या तीनच उरल्या होत्या. बाकीच्या काही आजीने काढल्या, काही मीच काढल्या. सुंदर गेलं, तीन गेलं, चंद्र-चांदणं गेलं. आत्याने सांगितलं की ‘आयो, आयो’ने सुरू कर, ते त्यांचं ‘जो जो’. म्हणजे उरलं ते असं:

*आयो, आयो, सुनु दोऽम,*
*या ञव्, कर गि बेग ना.*
*सा याय मुञ् ना, तेय मुंगि मूञ्.*

जो जो, आमच्या लेकरा. तूच आलीस, घर आनंदलं. तुझ्या आईने सोसलं, आज ती हसते आहे.

यंत्राचं यात काय उरलं? दुसऱ्या ओळीचा उत्तरार्ध जसाच्या तसा त्याचा. तिसरीचा सांगाडा त्याचा, मात्रा माझी. पहिली आत्याची. ‘या’ आजीचा. तिसरी ओळ म्हणताना मी ‘मूञ्’वर आपल्या चालीतला ठेका धरून थांबले, मुद्दाम लांबवलं, आणि बाळंतिणीने मान वर केली. मग खोलीतल्या बायकांनीच पुढे *कु मुञ्, मूञ्* असं धरलं, टाळ्यांवर, आणि ते माझ्या चालीतून केव्हा त्यांच्या चालीत गेलं मला कळलं नाही. मी फक्त टाळ्या वाजवत होते.

दुपारी गेवेल आले तेव्हा आत्याने त्यांना सांगितलं की हिने सकाळी ‘मुञ्’ म्हटलं. त्यातल्या एकीने ढोलावर ते दोन शब्द वाजवून दाखवले. एका हातात काडी, दुसरा हात मोकळा. ऱ्हस्वाला हाताची थाप, दीर्घाला काडी. मात्राजी, तुमची फार आठवण आली.

मात्रांचा_हिशोब

वाचून डोळे भरले. दीर्घाला काडी! लिहून ठेवतो.

जुनाट_वाडा

ताई, जिंकलंत. माझ्याकडून त्या म्हाताऱ्या तुरान्दोला नमस्कार सांगा.

हापूसप्रेमी

रेकॉर्डिंग टाका ना इथे, सगळे ऐकू.

किनारा

केलं होतं मोबाइलवर. आजीला विचारलं, आमच्याकडचे लोक ऐकायला मागताहेत, पाठवू का? तिने बाळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, किती लोक ऐकतील? मी म्हटलं, बरेच. ती म्हणाली, मग चाळीस दिवस होऊ देत.

तेव्हा थांबा चाळीस दिवस. मग बघू.

गुळांबा

थांबतो. काऽर.